नावेत बॅटरीचा चार्जर कसा बसवावा



आज मी नावेतल्या बॅटरीबद्दल बोलणार आहे. बॅटरी कशी भरावी, तिचा चार्जर नावेत कुठे बसवावा, हे सांगणार आहे. बोलणे झाले की आपण घाटावर जाऊ आणि समोरच्या नावेत चार्जर बसवून पाहू. नुसते ऐकून हे काम येत नाही.

पूर्वी नावेत काय होते? वल्ही होती आणि एक कंदील होता. आता तापीच्या पाण्यात इंजिनाच्या नावाही दिसतात. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले. पाणी अडले, तशी मासेमारीही वाढली. रात्री जाळे पाहायला दिवा लागतो. काही इंजिने दोरी ओढून सुरू होतात, काही बटण दाबून सुरू होतात. बटणाच्या इंजिनाला बॅटरी लागतेच. तळात साचलेले पाणी उपसणारा छोटा पंपही बॅटरीवरच चालतो.

सातपुडा ओलांडला की नर्मदा लागते. सरदार सरोवराचे पाणी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांत शिरले आहे. हे तालुके पूर्वी आपल्या धुळे जिल्ह्यातच होते. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तिकडे काठावरच्या काही गावांना नाव हीच एस. टी. आहे. दवाखानाही नावेतून येतो. अशा नावेची बॅटरी रात्री पाण्यात उतरली, तर अडचण किती मोठी, ते तुम्हीच समजा.

म्हणून बॅटरी भरलेली पाहिजे. आणि ती भरताना माणूस मरता कामा नये.

मघाशी एका नानांनी मला विचारले, "घरमा चालस, मंग नावमा का बरं नही चालस?" घरात इन्व्हर्टर चालतो, मग नावेत का नाही? प्रश्न चांगला आहे. घरात पायाखाली कोरडी जमीन असते. खिडकी असते. धक्का बसून माणूस लांब फेकला गेला, तर तो वाचू शकतो. नावेत पाय ओले असतात. शेजारी पेट्रोलचा डबा असतो. आणि फेकला गेलेला माणूस पाण्यात पडतो.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मी तेव्हा तरुण होतो. वायरमनचे काम नुकते शिकलो होतो. मला वाटे, मला सगळे येते. एका तलावावर आमच्या नात्यातल्या माणसाची पत्र्याची नाव होती. तिची बॅटरी उतरली. काठावर पंपाची खोली होती. मी खोलीतून लांब वायर ओढली. वायरला प्लग नव्हता. मी दोन तारांची टोके सोलली, सॉकेटच्या भोकांत घातली आणि काडेपेटीच्या काड्या खोचून पक्की केली. तुम्ही हसता, कारण तुम्हीही असे केले आहे. वायर काठावरून नावेच्या कडेवर गेली, तिथून चार्जरला. बॅटरी भरू लागली. मी झाडाखाली जाऊन बसलो.

वाऱ्याने नाव हलत होती. कडेवर वायर घासत होती. तासाभरात वायरचे वरचे आवरण झिजले. आतली उघडी तार पत्र्याला टेकली. पूर्ण नावेत वीज उतरली, आणि मला पत्ता नाही. माझा दहा-अकरा वर्षांचा भाचा पोहत होता. दमला, म्हणून त्याने नावेची कड धरली. कड धरली ती सुटेना. ओरडताही येईना. मला दुरून वाटले, पोरगा मजेत लटकला आहे.

तिथे एक काकू कपडे धूत होत्या. त्यांचे यजमान पंपावर कामाला होते. त्यांनी पोराचे तोंड पाहिले आणि त्या पाण्यात धावल्या नाहीत. त्या पंपाच्या खोलीत धावल्या आणि मेन स्विच खाली ओढला. पोराचा हात सुटला. तो पाण्यात गेला, तेव्हा मी उडी मारून त्याला काढले. दोन दिवस तो दवाखान्यात होता. वाचला. आज तो स्वतः दोन लेकरांचा बाप आहे. काकू आधी पाण्यात उतरल्या असत्या, तर त्या दिवशी दोघेही गेले असते.

आता हे असे का झाले, ते नीट पाहू.

वीज नेहमी परत जायला वाट शोधते. नदीचे, तलावाचे पाणी गोडे असते. गोड्या पाण्यातून वीज जाते, पण जरा कष्टाने जाते. माणसाच्या अंगात रक्त आहे, रक्तात मीठ आहे. म्हणून गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सोपेपणाने जाते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वीज माणसाला टाळून पाण्यातून पसरू शकते. तापीत तसे नाही. तापीत ती माणूस गाठते. गोड्या पाण्यावरच्या माणसाने म्हणून दुप्पट जपावे.

किती विजेने जीव जातो? घरातला एक साधा एल. ई. डी. दिवा घ्या. तो १० वॅटचा असेल, तर त्यात सुमारे ४० ते ५० मिलिअँपिअर वीज वाहते. १,००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर. माणसाच्या हातातून १५-२० मिलिअँपिअर वीज गेली की स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. ३० च्या वर गेली की हृदयाला धोका. म्हणजे तो दिवा लावायला जेवढी वीज लागते, तेवढी माणसाला पुरे होते. पाण्यात तर हृदय बंद पडायचीही गरज नाही. हातपाय आखडले की माणूस बुडतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, पोहता येत नव्हते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, जमेल तिथे २३० व्होल्टची वायर नावेत नेऊच नका. बॅटरी सोडवा, दोघांनी उचला, काठावर कोरड्या जागी आणा आणि तिथे भरा. छोट्या नावेला हाच मार्ग चांगला. थोडी पाठ दुखेल, एवढेच.

दुसरा मार्ग उन्हाचा. ऊन आपल्या खानदेशाला कमी नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला उन्हावर वीज करणारा १२५ मेगावॅटचा सरकारी प्रकल्प आहे. आपल्याला मेगावॅट नको. नावेच्या टपावर ४० वॅटचे एक सौर पान पुरते. कडक उन्हात ते बॅटरीला दोन अँपिअरच्या आसपास वीज देते. पाच तास चांगले ऊन धरले, तर १० अँपिअर-तास झाले. १० वॅटचा दिवा रात्री चार तास लावला, तर साधारण साडेतीन अँपिअर-तास खर्च होतात. हिशेब तुम्हीच करा. वर उरते. यात २३० व्होल्ट कुठेच नाहीत. मात्र पान थेट बॅटरीला जोडू नका. मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची छोटी पेटी लागते. ती बॅटरी जास्त भरू देत नाही. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पान. सोडवताना आधी पान सोडवा.

पण काही नावा मोठ्या असतात. दोन-तीन बॅटऱ्या असतात, पावसाळ्यात ऊन नसते. मग चार्जर नावेतच बसवावा लागतो. तो कसा, ते सांगतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

प्रथम बॅटरीची ओळख करून घेऊ. शिसे आणि अ‍ॅसिड यांची ही बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शोधली. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये तीच, इन्व्हर्टरखाली तीच. आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि पाणी मिसळलेले गंधकाचे अ‍ॅसिड असते. जुनी माणसे त्याला तेजाब म्हणतात. बॅटरी भरत आली की आतल्या पाण्यातून बुडबुडे निघतात. ते बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंचे असतात. हायड्रोजन दिसत नाही, त्याला वास नाही. शंभर भाग हवेत चार भाग हायड्रोजन मिसळला, की ठिणगी पडताच तो पेट घेतो. बॅटरी फुटते आणि तेजाब तोंडावर उडते. बॅटरीतले पाणी पाहायला काडी पेटवून वाकणारी माणसे मी पाहिली आहेत. विडी तोंडात ठेवून झाकण उघडणारेही पाहिले आहेत. टॉर्च घ्या, आणि विडी काठावर ठेवून या.

हायड्रोजन हलका, तो वर जातो. पेट्रोलची वाफ जड, ती खाली तळात बसते. म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकी एका बंद कप्प्यात कधीच ठेवू नये. बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूला भोके असावीत, म्हणजे वायू निघून जाईल. पेटी प्लास्टिकची असावी, म्हणजे तेजाबाने खाल्ली जाणार नाही. ती तळातल्या पाण्यापेक्षा उंच फळीवर ठेवावी आणि पट्ट्याने आवळून बांधावी. नाव डोलते. मोकळी बॅटरी घसरली, तर वायर तुटते किंवा तेजाब सांडते.

आता चार्जर. चार्जर बॅटरीच्या डोक्यावर बसवू नका. वर येणारी तेजाबाची वाफ त्याला आतून खाते, आणि त्यातून ठिणगीही पडू शकते. बॅटरीच्या बाजूला, हातभर अंतरावर, उभ्या कोरड्या फळीवर तो स्क्रूने पक्का करावा. चार्जर तापतो. त्याच्याभोवती हवा फिरली पाहिजे. त्यावर जाळे, गोणपाट, टॉवेल टाकू नये. जाळे वाळत घालायला तीच जागा सगळ्यांना का सापडते, कोण जाणे.

कोणता चार्जर घ्यावा? गॅरेजमध्ये असतो तो भोकाभोकांचा पत्र्याचा चार्जर काठावर ठीक आहे, नावेत नको. पाणी आत न जाणारा, बंद अंगाचा घ्या. त्यावर आय. पी. आणि पुढे ६७ असा आकडा असेल, तर त्यात धूळ जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात पडला तरी पाणी शिरत नाही. तुम्ही आता आकडे वाचायला शिकला आहात. दुकानदाराला विचारण्याआधी खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. बॅटरी १२ व्होल्टची असेल तर चार्जरही १२ व्होल्टचाच पाहिजे. बॅटरीवर अँपिअर-तास लिहिलेले असतात. त्याच्या दहाव्या हिश्शाइतक्या अँपिअरचा चार्जर बरा. ६० अँपिअर-तासाची बॅटरी असेल, तर ६ अँपिअरचा. उतरलेली बॅटरी त्याने दहा-बारा तासांत भरते. घाई करून मोठा चार्जर लावला, तर बॅटरी उकळते. भरली की आपोआप हात आखडता घेणारा चार्जर मिळतो, तोच घ्या. लिथियमची नवी बॅटरी असेल तर तिचा चार्जर वेगळा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नये.

चार्जरपासून बॅटरीपर्यंत लाल वायर अधिक खुणेला, काळी वायर उणे खुणेला. वायर तांब्याची, बारीक तारांची. घराच्या भिंतीतली जाड एकतारी वायर नावेत हलून हलून तुटते. ॲल्युमिनियमची तर नकोच. १० अँपिअरचा चार्जर असेल आणि अंतर दोन-तीन हात असेल, तर ४ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. चार्जरच्या कागदावर जास्त जाड सांगितली असेल, तर ती घ्यावी.

आणि लाल वायरवर फ्यूज पाहिजे. तो कुठे? बॅटरीपासून वीतभराच्या आत. लोक म्हणतात, १२ व्होल्टने धक्का बसत नाही, मग फ्यूज कशाला? धक्का बसत नाही हे खरे. पण लाल वायर काळ्या वायरला टेकली, तर भरलेली बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर चुलीतल्या सळईसारखी लाल होते. शेजारी लाकूड आहे, फायबर आहे, पेट्रोल आहे. पाण्याच्या मधोमध नाव जळते. फ्यूज वितळला की वीज तिथेच थांबते. फ्यूज दूर चार्जरजवळ बसवला, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर उघडीच राहिली. १० अँपिअरच्या चार्जरला १५ अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तार गुंडाळू नका. तो का उडाला, ते शोधा.

काम करताना हातातली अंगठी, कडे काढून ठेवा. आयाबायांनी बांगड्यांकडे लक्ष द्यावे. पाना दोन्ही खुणांवर आडवा पडला, की तोही लाल होतो. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. सोडवताना आधी काळी.

आता २३० व्होल्टची बाजू. ही बाजू परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. पण त्याने काय करायला पाहिजे, हे तुम्हाला माहीत असावे. आकडा टाकून वीज घेऊ नये. तो गुन्हा तर आहेच, पण आकड्याच्या विजेला ना अर्थिंग, ना फ्यूज. काठावर मीटरनंतर एक पेटी बसवायची. दुकानात आर. सी. सी. बी. म्हणून मागा. पुष्कळ लोक तिला ई. एल. सी. बी. म्हणतात. ती ३० मिलिअँपिअरची हवी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सतत तोलून पाहते. माणसाच्या अंगातून किंवा पाण्यातून थोडी जरी गळली, तर डोळा मिटायच्या आत वीज तोडते. माझ्या त्या पंपाच्या खोलीत ही पेटी असती, तर वायर पत्र्याला टेकताच वीज गेली असती. पेटीवर तपासणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली तर पेटी जिवंत आहे. नाही गेली, तर ती बदलेपर्यंत चार्जर लावू नका. एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोन्ही तारा दोन हातांत धरणाऱ्याला ही पेटीही वाचवत नाही.

काठापासून नावेपर्यंतची वायर तीन तारांची, जाड रबरी आवरणाची आणि अखंड पाहिजे. मध्ये सांधा नको. तिसरी तार अर्थिंगची. ती कापून दोन पिनांचा प्लग लावणारे कारागीर आहेत. त्यांना परत पाठवा. पत्र्याची नाव असेल तर अर्थिंगची तार नावेच्या पत्र्यालाही जोडावी लागते, वायरमनला आठवण करून द्या. वायर पाण्यात सोडू नका, कडेवर घासू देऊ नका. खांबावर, काठीवर उंच टांगा आणि कडेवर जिथे टेकते तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा. नाव हलेल एवढी ढील ठेवा. आणि वीज येणाऱ्या टोकाला नेहमी भोकांचे सॉकेट असावे. पिना बाहेर आलेल्या नसाव्यात. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर कुणाच्या घरी असेल, तर आजच तोडा.

लावण्याचा क्रम असा. आधी चार्जर बॅटरीला जोडलेला आहे ना ते पाहा. मग प्लग लावा. सर्वांत शेवटी काठावरचे बटण. काढताना उलटे, आधी काठावरचे बटण बंद. बॅटरीजवळ ठिणगी पडू नये, म्हणून हा क्रम. चार्जर चालू असताना नावेभोवती कुणी पोहायचे नाही, गुरे पाण्यात घालायची नाहीत. एक माणूस काठावर बसलेला असावा. तो झाडाखाली झोपलेला नसावा.

दर महिन्याला झाकण उघडून पाणी पाहा. पट्ट्या बुडालेल्या पाहिजेत. कमी असेल तर बॅटरीचे पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घाला. ते पाच-पंचवीस रुपयांचे काम आहे. तापीचे किंवा विहिरीचे पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी पट्ट्या खराब होतात. वरून अ‍ॅसिड घालू नका. तेजाब डोळ्यांत उडाले, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे डोळा धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. लाकडावर सांडले, तर खायचा सोडा टाका, फसफस थांबली की धुवा.

आणि कुणी विजेला चिकटलाच, तर काय करायचे? पाण्यात उडी मारायची नाही. त्याला हाताने धरायचे नाही. काठावरचा स्विच बंद करायचा. मग दोर टाकायचा, कोरडा बांबू द्यायचा. श्वास चालत नसेल तर छाती दाबणे सुरू करायचे आणि १०८ ला फोन करायचा. हा स्विच कुठे आहे, ते घाटावरच्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. कपडे धुणाऱ्या बाईला, गुराख्याला, पोराटोरांना. पेटीवर मोठ्या अक्षरांत "नावेची वीज इथे बंद करा" असे लिहून ठेवा. अक्षरे तुम्हीच काढा. रंग आणि ब्रश मी आणले आहेत.

चला, ऊन उतरले. बॅटरी जड आहे, उचलायला दोघे जण या. काकू, तुम्ही स्विचपाशी उभ्या राहा.